विरघळणारा टाका आणि न विरघळणारी पिशवी

मंगळवार हा आमच्या गावचा बाजाराचा दिवस. त्या दिवशी संध्याकाळी बाजार उठला की आसपासच्या खेड्यांतले लोक एस.टी. पकडण्यापूर्वी दवाखान्यात डोकावून जातात. गेल्या महिन्यात अशाच एका मंगळवारी भाजी विकणाऱ्या एक मावशी आल्या. माझ्या वीस वर्षांच्या पेशंट. डोके गरगरते, छातीत धडधडते, अशी तक्रार. रक्तदाब पाहिला तर १८०/११०. "मावशी, गोळी चुकली का?" असे विचारले तर म्हणाल्या, "गोळी नाही चुकली डॉक्टर. आज पाच हजारांची पावती फाटली."

झाले होते असे की बाजारात पथक आले आणि त्यांच्या पाटीखाली प्लास्टिकच्या पिशव्या सापडल्या. मावशींचे म्हणणे, या पिशव्या साध्या नाहीत. ठोक दुकानदाराने 'या चालतात, या मातीत विरघळतात' असे सांगून दुप्पट भावाने दिल्या होत्या. पिशवी हिरवी, वर झाडाचे पान छापलेले. "आम्ही शिकलेलो नाही डॉक्टर, पण झाडाचं पान तर कळतं ना?" असे म्हणून त्यांनी एक पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. मी औषध दिले, अर्धा तास बाकावर पडून राहायला सांगितले आणि ती पिशवी ठेवून घेतली. आजचा लेख त्या पिशवीवर आहे.

वाचकहो, आरोग्याच्या सदरात पिशवीचे काय काम, असे कुणाला वाटेल. पण दवाखान्यात बसणाऱ्याला प्लास्टिक रोज भेटते. पावसाळ्यात पिशव्यांनी गटार तुंबते. घरामागे फेकलेल्या प्लास्टिकच्या पेल्यांत पावसाचे स्वच्छ पाणी साचते आणि डेंग्यूचा डास नेमक्या अशाच पाण्यात अंडी घालतो. थंडीत सकाळी कचरा पेटवून शेकणारे लोक दिसतात. त्यात प्लास्टिक असतेच आणि त्या धुराने दम्याची मुले माझ्याकडे येतात. शिवाय आता प्लास्टिकचे बारीक कण थेट माणसाच्या शरीरात सापडू लागले आहेत. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०२२ मध्ये २२ रक्तदात्यांचे रक्त तपासले, त्यांपैकी १७ जणांच्या रक्तात असे कण मिळाले. इटलीतील डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीत साठलेला चरबीचा थर शस्त्रक्रियेने काढलेल्या २५७ रुग्णांचा मागोवा घेतला. मार्च २०२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. १५० जणांच्या थरात पॉलिथिन होते. सुमारे तीन वर्षांत या रुग्णांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या साडेचार पट दिसला. प्लास्टिकमुळेच हे झाले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. दोन गोष्टी एकत्र आढळल्या, एवढेच म्हणता येते. पण डॉक्टरला सावध व्हायला एवढे पुरेसे आहे.

म्हणूनच निसर्गात जिरून जाणाऱ्या नव्या प्लास्टिकची बातमी आली की मला मनापासून आनंद होतो. माझी तक्रार त्या विज्ञानाबद्दल नाही. ते विज्ञान आपल्या बाजारात कोणत्या रूपाने विकले जाते, याबद्दल आहे.

डॉक्टरांना हे जुने आहे

जिरणारे प्लास्टिक ही आजची नवलाई वाटते, पण आम्ही डॉक्टर ते पन्नास वर्षांहून अधिक काळ वापरत आहोत. पूर्वी पोटाच्या आतले टाके 'कॅटगट'ने घालत. नावात मांजर असले तरी तो धागा मेंढीच्या किंवा जनावराच्या आतड्यापासून करीत. १९७० मध्ये अमेरिकेत 'डेक्सॉन' हा कृत्रिम धागा आला, चार वर्षांनी 'व्हिक्रिल' आला. हे धागे म्हणजे पॉलिमरच, प्लास्टिकचेच भाऊबंद. व्हिक्रिलचा टाका तीन-चार आठवडे जखम धरून ठेवतो आणि साधारण ५६ ते ७० दिवसांत पूर्ण जिरतो. सिझेरियन झालेल्या कितीतरी आयाबहिणींच्या पोटात असा धागा होता आणि आता त्याचा मागमूस नाही.

हे कसे होते, ते समजून घेऊ. पॉलिमर म्हणजे माळ. लहान लहान मणी एकापुढे एक ओवले की पॉलिमर तयार होतो. साखरेच्या मण्यांची एका तऱ्हेने ओवलेली माळ म्हणजे भाकरीतले पिष्ट. त्याच मण्यांची दुसऱ्या तऱ्हेची माळ म्हणजे सेल्युलोज, म्हणजे कापूस, ताग, पळसाचे पान. मणी तेच, पण भाकरी आपल्याला पचते आणि कडबा पचत नाही. गाईला मात्र कडबा पचतो, कारण तिच्या पोटात तो फोडणारे जंतू आहेत. म्हणजे एखादा पदार्थ जिरतो की नाही, हे जितके पदार्थावर तितकेच पोटावर अवलंबून असते. पॉलिथिन ही माळ तर १९३३ मध्ये इंग्लंडमधील एका प्रयोगशाळेत, तीही अपघाताने, प्रथम तयार झाली. ती पचवण्याची सवय गाईच्या पोटालाही नाही आणि मातीलाही नाही. म्हणून उकिरड्यावर चरणाऱ्या गाईच्या पोटात पिशव्यांचा गोळा तसाच राहतो.

टाक्याच्या धाग्यातले मणी ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्लाचे असतात. लॅक्टिक आम्ल म्हणजे आपल्या दह्यातले आंबट. शरीराची ऊब आणि ओलावा मिळाला की माळ तुटते, मणी सुटे होतात आणि शेवटी पाणी व कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. पण आता गंमत पाहा. निव्वळ लॅक्टिक आम्लाच्या माळेपासून हाडात बसवायचे स्क्रूही करतात. ते जिरायला त्याच शरीरात कित्येक वर्षे लागतात. ओवणीत फरक केला की दोन महिन्यांची गोष्ट वर्षांवर जाते. धागा बनवणाऱ्यांनी तो कुठे राहणार, तिथे ऊब किती, ओल किती, किती दिवस टिकला पाहिजे, या साऱ्याचा विचार आधी केलेला असतो. म्हणून तो वेळेवर विरघळतो.

पिशवीचे तसे नाही

बाजारात आज जे जिरणारे पेले, चमचे, डबे मिळतात त्यांतले पुष्कळसे याच लॅक्टिक आम्लाच्या माळेचे असतात. तिला पीएलए म्हणतात. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून ती करता येते. पण पीएलएला नीट जिरायला साधारण ५८ ते ६० अंश उष्णता, भरपूर ओल आणि जंतू लागतात. एवढी उष्णता मोठ्या, शास्त्रीय पद्धतीने चालवलेल्या खत प्रकल्पाच्या ढिगात सतत राहते. आपल्या गटारात राहत नाही, नदीत राहत नाही आणि परसातल्या खड्ड्यातही राहत नाही.

गेल्या वर्षी मी एक घरगुती उद्योग केला. आषाढात परसातल्या ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यात चार वस्तू पुरल्या. बाजारातली पान छापलेली हिरवी पिशवी, मुलीने पुण्याहून आणलेली प्रमाणपत्राचा क्रमांक असलेली कंपोस्टेबल पिशवी, पीएलएचा पारदर्शक पेला आणि पळसाची पत्रावळ. दिवाळीनंतर खड्डा उकरला. पत्रावळीचा पत्ता नव्हता. प्रमाणपत्राची पिशवी जागोजाग फाटली होती, तिचे तुकडे हाती लागले. पेला धुऊन घेतला असता तर पाणी पिता आले असते. आणि पानवाली हिरवी पिशवी जशीच्या तशी! मावशींनी टेबलावर ठेवलेली पिशवी त्याच जातीची होती.

हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. पण इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाने केलेला प्रयोग शास्त्रीय होता आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी वेगवेगळ्या पिशव्या मातीत, समुद्रात आणि उघड्यावर तीन वर्षे ठेवल्या. 'बायोडिग्रेडेबल' म्हणून विकली जाणारी पिशवी तीन वर्षे मातीत आणि समुद्रात राहूनही बाजारहाट करण्याइतकी धड होती. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनंतरही ती सापडली. एकच पिशवी, पण जागा बदलली की वेगळी वागते.

तेव्हा बाजारात तीन निरनिराळ्या वस्तू एकाच हिरव्या रंगात विकल्या जातात, हे ध्यानात ठेवावे. पहिली, खरोखर जिरणारी, पण योग्य जागीच जिरणारी. दुसरी, वनस्पतीपासून केलेली पण न जिरणारी. उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिथिन करता येते, ब्राझीलमध्ये ते होतेही, पण झाले तरी ते पॉलिथिनच. याउलट काही कंपोस्टेबल पिशव्यांतला मोठा भाग खनिज तेलापासून केलेला असतो आणि तो जिरतो. कशापासून केले आणि कशात जिरते, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. तिसरी वस्तू सर्वांत वाईट. साध्या पॉलिथिनमध्ये असे रसायन घालायचे की उन्हात त्याचा भुगा व्हावा. पिशवी दिसेनाशी होते, कण मातीत राहतात. युरोपीय संघाने या प्रकारावर २०२१ पासून बंदी घातली आहे. आपल्या केंद्र सरकारनेही मार्च २०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती करून, जैवविघटनशील म्हणवणाऱ्या प्लास्टिकने सूक्ष्म कण मागे ठेवता कामा नयेत, अशी अट व्याख्येतच घातली.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. जिरणारे म्हणजे पोटाला निर्धोक, असे नाही. जर्मनीतील संशोधकांनी वनस्पतिजन्य व जिरणाऱ्या प्लास्टिकच्या ४३ वस्तूंचा अर्क प्रयोगशाळेत तपासला. २०२० मध्ये निष्कर्ष आला की सुमारे दोन तृतीयांश वस्तूंच्या अर्कात पेशींना अपाय करणारे काही ना काही होते. साध्या प्लास्टिकप्रमाणे यांतही रंग, मऊपणा, टिकाऊपणा यांसाठी रसायने घालतातच. कागदी कपाचीही गोष्ट निराळी नाही. त्याच्या आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. आय.आय.टी. खरगपूरच्या २०२० च्या अभ्यासात, अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटे ठेवले तेव्हा त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरले. पिशवीतून गरम चहाचे पार्सल नेणाऱ्यांना वेगळे काय सांगू?

मग करायचे काय?

प्लास्टिकला सरसकट शिव्या देणारा मी नाही. इंटर्नशिपच्या काळात काचेच्या सिरिंज उकळून पुन्हा पुन्हा वापरलेल्या मी पाहिल्या आहेत. एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या सिरिंजने कावीळ ब आणि एड्सचा फैलाव रोखायला केवढी मदत केली, हे मी विसरू शकत नाही. सलाईनची नळी, रक्ताची पिशवी, यांना आज पर्याय नाही. पण सलाईनच्या नळीची गरज आणि पाव किलो मिरच्यांच्या पिशवीची गरज एका मापाने मोजता येणार नाही.

नव्या पॉलिमरचे संशोधनही थांबता कामा नये. पाश्चर इन्स्टिट्यूटमधील एका फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२६ मध्येच दाखवले होते की काही जिवाणू आपल्या शरीरात, आपण पोटावर चरबी साठवतो तसा, एक पॉलिमर साठवतात. जंतूंनीच केलेला असल्यामुळे तो इतर जंतूंना पचतो, मातीतही आणि समुद्रातही. मात्र तो अजून महाग पडतो. आपल्या महाराष्ट्रातही काम सुरू झाले आहे. पुण्याजवळ जेजुरीला ऑक्टोबर २०२४ मध्ये पीएलए तयार करण्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा राहिला. उसाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला त्यात उद्याचा आधार दिसेल, आणि दिसावा. फक्त टँकरचे पाणी पिणाऱ्या तालुक्यात पिशव्यांसाठी ऊस वाढवायचा का, हा प्रश्न आधी विचारून ठेवावा.

माझ्या मते हे पॉलिमर जिथे शेवटी मातीतच किंवा खतातच जाणार आहेत, तिथे प्रथम वापरावेत. रोपवाटिकेतील पिशवी घ्या. टोमॅटो-कलिंगडाच्या वाफ्यावर अंथरायचा मल्चिंग पेपर घ्या. आज तो हंगामानंतर फाटून शेतात चिंध्यांच्या रूपाने राहतो, नाहीतर बांधावर जाळला जातो. मातीत जिरणारा मल्चिंग पेपर निघाला आहे, तो परवडावा म्हणून ठिबक सिंचनासारखे अनुदान मिळाले तर ते मला योग्य वाटेल. ओला कचरा गोळा करायची पिशवी हेही त्याचे खरे स्थान. कचऱ्याबरोबर तीही खतात जाईल. पण त्यासाठी गावात ओला कचरा वेगळा गोळा झाला पाहिजे आणि खताचा ढीग नीट चालला पाहिजे. घंटागाडीत ओले-सुके एकत्र आणि शेवटी सारे डेपोवर पेटवायचे, असे असेल तर दुप्पट भावाच्या पिशवीचाही धूरच होणार. शिवाय पीएलएचा पेला पाण्याच्या बाटल्यांच्या भंगारात मिसळला तर चांगला पुनर्वापराचा मालही बिघडतो.

औषधाचे असेच असते. योग्य रोग्याला, योग्य मात्रेत, योग्य वेळी दिले तर औषध, नाहीतर निव्वळ खर्च. म्हणून वाचकांसाठी माझे साधे प्रिस्क्रिप्शन असे. बाजाराला निघताना कापडी पिशवी, दुधा-दह्याला डबा, चहाला स्टीलचा किंवा काचेचा पेला. लग्नकार्यात पळसाची पत्रावळ किंवा धुऊन वापरायची ताटे. जिरणारी म्हणून कोणी वस्तू विकू लागला तर पान पाहू नका, क्रमांक पाहा. नियमाप्रमाणे कंपोस्टेबल वस्तूवर उत्पादकाचे नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक असावा लागतो. आणि दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, "हे कुठे जिरते?" उत्तर आले नाही, तर ती वस्तू कुठेच जिरत नाही असे समजा.

पथकाने कायद्याप्रमाणे काम केले, हे मला मान्य आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे आणि पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड लिहिलेला आहे. मावशींच्या पिशवीवर पान होते, क्रमांक नव्हता. पण ती पिशवी बनवणारा, तिच्यावर पान छापणारा आणि 'चालते' म्हणून दुप्पट भावाने विकणारा, यांच्यापर्यंत पथक का पोहोचत नाही? तापाचा रोगी सापडला की आम्ही गोळी देऊन थांबत नाही, डास कुठे झाला ते शोधायला सांगतो. येथेही तेच व्हायला हवे. ज्या मावशींची दिवसाची कमाई चार-पाचशे, त्यांनी दहा-बारा दिवस फुकट भाजी विकली तेव्हा तो दंड फिटला.

परवा मावशी पुन्हा आल्या होत्या. रक्तदाब १४०/९०. आता पिशवी ठेवतच नाहीत म्हणाल्या. "पण डॉक्टर, पिशवी नाही म्हटलं की गिऱ्हाईक भाजी ठेवून पुढच्या पाटीवर जातं." त्यांच्या रक्तदाबाची गोळी मी लिहून दिली आहे. या दुखण्याची गोळी मात्र माझ्याकडे नाही, ती आपल्याकडे आहे. येत्या मंगळवारी बाजाराला जाल तेव्हा घरातून पिशवी घेऊन जा.